शेपटाविना विमान

श्रोतेहो, विमानाचे शेपूट काढले म्हणून शेपटाचे काम सुटत नाही. ते पंखालाच करावे लागते. रेडिओने चालणारा नुसत्या पंखाचा नमुना बांधताना आम्ही पंख मागे झुकवतो, बॅटरी नाकाशी ठेवतो. मागच्या कडेच्या दोन झडपा मिळून वर उचलल्या की नाक चढते. एक वर, एक खाली झाली की विमान कलते.

अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीचे असे वायबी-४९ विमान १९४८ साली चाचणीत कोसळले. पाच माणसे गेली. त्याच घडणीचे बी-२ १९८९ साली उडाले, ते तोल सावरणारा संगणक घेऊन. आमच्या साध्या थर्मोकोलच्या पंखात तो नसतो. म्हणून बोटांवर तोलून पाहिल्यावाचून तो हातातून सोडू नये, एवढेच आमचे सांगणे.