क्यूबची बाराखडी
आमच्या सांगवीतली शेजारची मुलगी वैतागून क्यूबचे स्टिकर सोलायला निघाली होती. सोडवण्याचा कागद समोर होता, पण अक्षरं उमगेनात. तिला ती रंगांची वाटली. ती आहेत बाजूंची: आर उजवी, एल डावी, यू वरची, डी खालची, एफ पुढची, बी मागची. गणितज्ञ डेव्हिड सिंगमास्टर यांनी १९७९च्या सुमारास ही पद्धत रुळवली. नुसतं अक्षर म्हणजे घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, शेजारी वर टिंबासारखी रेघ असेल तर उलटा, २ असेल तर अर्धा. गोम दिशेत आहे. ती त्या बाजूकडे तोंड करूनच ठरवायची, म्हणून तळ वरून पाहणारा हमखास चुकतो. तिला म्हटलं, सोडवलेला क्यूब घे. आर, यू, आर उलटा, यू उलटा, असं सहादा कर. रंग विस्कटले, तिचा चेहरा पडला, आणि सहाव्या खेपेला सगळे जागेवर! मधे क्यूबची पकड मात्र बदलायची नाही.