वाकडा टाका, सैल टाका

मी वडनेर भोलजीहून बोलतेय. बचत गटांचं काम पाहते. आज बोलायचं आहे वाकळीबद्दल, म्हणजे आपल्या गोधडीबद्दल. कापूस घरातून गेला की पेरणीपर्यंतच्या दुपारी आपल्याकडे ओट्यावर वाकळ पसरलेली असतेच.

रीत तुम्हाला माहीत आहे. खाली जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर फाटकी धोतरं, परकर, सदऱ्यांचे तुकडे, विरलेल्या जागी आणखी एखादं ठिगळ, वर पुन्हा त्यातल्या त्यात बरं लुगडं. कोपऱ्यांवर वजन ठेवून कच्चे टाके घालायचे आणि मग काठापासून आत, चौकोनात चौकोन, धावदोरा घालत मधोमध पोचायचं. यातलं एकही कापड धड नसतं. धड असतं तर अंगावर असतं! पण धुऊन धुऊन मऊ झालेलं हेच कापड ऊब देतं. तान्ह्या बाळाचं दुपटंसुद्धा आपण जुन्या सुती लुगड्याचंच करतो. (सिंथेटिक साडी मात्र आत घालू नका, थर सरकतात.)

एका वाकळीवर चौघी बसल्या की एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा शेंगदाण्याएवढा. ओळ वाकडी जाते, तरी कुणी उसवायला सांगत नाही. पण टाका सैल राहिला तर? झोपेत पायाचं बोट अडकतं, दोरा ओढला जातो आणि अख्खी ओळ निघते. म्हणून जुन्या बाया डोळ्यांनी कमी, बोट फिरवूनच जास्त तपासतात. ‘परिपूर्ण नसलं तरी चालतं’ असं हल्ली सगळेच सांगतात. त्यातलं काय चालतं आणि काय चालत नाही, ते मला वाकळीवरून कळलं.

एका गटाचं रजिस्टर लिहिणारी मुलगी लग्न होऊन गेली. दुसरी कुणी तयार होईना. बाहेरच्या एका पोराला पैसे देऊन लिहून घ्यायचं ठरत आलं होतं. गटाचा हिशेब गटाबाहेर गेला की कुरबुरी कशा सुरू होतात, ते तुम्ही पाहिलं असेल. पन्नाशीच्या एक मावशी चौथी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, “ताई, मले लिवता येते, पन मायं अक्षर लय वाकडं हाय. सायेब पाहून हासतीन.” मी विचारलं, “वाकळीचा टाका सरळ येतो का तुमचा?” त्या हसल्या आणि रजिस्टर घेतलं.

आजही त्या ‘हप्ता’चा ‘हफ्ता’ लिहितात, वेलांट्या भलतीकडे जातात. पण बचत, कर्ज, परतफेड, व्याज, सगळं ज्याच्या त्याच्या रकान्यात. एका बैठकीत वीस रुपये जुळेनात. स्वयंपाकाची वेळ झाली, बाया उठू लागल्या, तर मावशींनी दारच लावून घेतलं. वीस रुपये सापडले तेव्हाच उघडलं.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्यांच्या लेकी-नाती तिथं शेतात झिजलेल्या पँटींच्या, सदऱ्यांच्या गोधड्या शिवत आल्या. घरात थंडी शिरायची म्हणून. 1966 साली त्या भागातल्या बायांनी गोधड्या विकायला सहकारी संस्था काढली, आपल्या गटासारखीच म्हणा ना. 2002 साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर लागल्या, 2006 साली टपाल तिकिटांवर आल्या. लोक कौतुकानं बघतात त्या त्यांच्या वाकड्यातिकड्या पट्ट्याच. आणि लांब कशाला जायचं? आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबा चिंध्यांच्या वेशातच हिंडले. लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत.

तेव्हा यंदा वाकळ काढाल तर घरातल्या शिकणाऱ्या पोरींनाही सुई द्या. काठाची पहिली ओळ सरावाच्या हातानं घाला, आतल्या ओळी त्यांना सोडा. शिवून झालं की नुसतं बोट फिरवून बघा.