मृतांचे ऋण

माणूस मरण पावल्यावर त्याच्यासाठी काही करण्याचे कर्तव्य घरच्यांकडे उरते काय? सोळाव्या शतकात युरोपातील असंख्य कुटुंबांपुढे हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे पिढ्यान् पिढ्या चालत आलेले उत्तर पुष्कळ देशांत पाहता पाहता पालटले.

मध्ययुगीन ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे स्वर्गाच्या वाटेवर एक शुद्धिस्थान होते. पापांचे प्रायश्चित्त अपुरे राहिलेला आत्मा तेथे यातना भोगून निर्मळ होई. आप्तांच्या प्रार्थना, दानधर्म आणि मिस्सा यांनी त्या यातना कमी होतात, असे लोक मानीत. म्हणून मृत्युपत्रात मिस्सांसाठी पैसे ठेवले जात. धनवान लोक त्यासाठी पाद्री नेमून जमिनी तोडून देत. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा स्मरणदिन. त्याच्या आदल्या रात्री इंग्लंडात चर्चच्या घंटा मृतांसाठी वाजत राहात. विधवा पतीसाठी, मुलगा बापासाठी प्रार्थना करी. शोकाच्या हाताला काही काम होते.

या श्रद्धेत बाजारही शिरला. पापदंडातून सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर याने आवाज उठविला. पुढे सुधारकांनी शुद्धिस्थानच नाकारले. तारण केवळ ईश्वरकृपेने होते; जिवंतांना त्यात भर घालता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. इंग्लंडात १५४७ च्या कायद्याने मृतांच्या मिस्सांसाठी दिलेल्या देणग्या सरकारजमा झाल्या. १५५२ च्या प्रार्थनाग्रंथाप्रमाणे दफनाच्या वेळी पाद्री मृताला उद्देशून काही बोलेनासा झाला. याउलट कॅथलिक चर्चने १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत जुनी शिकवण पुन्हा ठामपणे सांगितली.

नव्या मताने एका भयातून माणसे सोडविली, हे खरे. आपला माणूस यातनेत आहे आणि मिस्सेला पैसा नाही, ही गरिबाची टोचणी संपली. पण दुःख संपले नाही. १५४२ मध्ये खुद्द ल्यूथरची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना वारली. ती ईश्वराजवळ गेली याविषयी त्याला शंका नव्हती. तरीही त्याने मित्राला लिहिले की, जेथे देवाचे आभार मानावयाचे तेथे आपल्याला व पत्नीला हुंदके आवरत नाहीत.

करण्याजोगे काही न उरलेले हे प्रेम मग स्मृतीकडे वळले. पूर्वीचा थडग्यावरील लेख वाटसरूकडे आत्म्यासाठी प्रार्थनेची याचना करी. नवा लेख मृताचे गुण सांगू लागला. १६४३-४४ मध्ये विल्यम डाउझिंग याने पूर्व इंग्लंडातील चर्चमधून जुने याचनालेख उखडून टाकविले.

धर्ममत राजाज्ञेने बदलले. घरातील सवय मात्र सावकाश बदलली. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीतही मृतांच्या रात्री घंटा वाजवू नयेत, अशी ताकीद बिशपांना द्यावी लागत होती. कोणीतरी अजून दोर ओढीत होते.