एकट्याचें ताट

अकोला जिल्ह्यांतील हिवरखेडचा एखादा मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास एकटा राहूं लागला, कीं त्याचें रात्रीचें जेवण कधीं कधीं गोठविलेल्या पाकिटांतून येतें. वडील मंडळी ह्यास आळस म्हणतात. मला तें पटत नाहीं. वऱ्हाडांत उन्हाळ्यांत मुगवड्या, सांडगे, शेवया करितात, तें वाळवण तरी कशासाठीं? पुढील अडचणीच्या दिवसाचें काम आजच उरकावें म्हणूनच ना! तत्त्वही जवळचेंच. ऊन पदार्थांतील पाणी काढून घेतें. शीतपेटी उणें १८ अंशांवर त्याचा बर्फ करिते. दोहींकडे सूक्ष्मजंतूंची वाढ खुंटते. मात्र गोठल्यानें ते सारे मरत नाहींत. म्हणून पाकीट आंतपर्यंत वाफाळेल असें तापवावें.

फरक निराळाच आहे. मुगवड्यांना फोडणी दिली, कीं वास शेजारीं जातो आणि कोणीतरी विचारतें, "आज काय केलें?" पाकिटाची वार्ता भिंतीपलीकडे जात नाहीं. तें खुशाल खावें, परंतु आईनें टेलिफोनवर "जेवलास का?" म्हणून विचारल्यास नुसतें "हो" न म्हणतां काय जेवलों तें सांगावें. तिनें दिलेल्या मुगवड्या डब्यांत तशाच असतील, तर तेंही.