रिट्झची टेकडी



दरवर्षी बाप्पांना निरोप द्यायला आपण बशीरबाग, लिबर्टीवरून हुसेनसागराकडे जातो. वाटेत बिर्ला मंदिर दिसले की हात जोडतो. त्याच भागातल्या टेकडीवर झाडीत दडलेल्या एका वास्तूकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे हिल फोर्ट पॅलेस, जुन्या मंडळींचे 'रिट्झ हॉटेल'.

१९१५ च्या सुमारास सर निजामत जंग यांनी हे घर बांधले. ते हैदराबादच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि इंग्रजीत कविताही करीत. शिक्षण केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले, म्हणून घरालाही त्याच कॉलेजचा घाट दिला. पुढे सातव्या निजामांनी ते विकत घेऊन धाकटे शहाजादे मोअज्जम जाह यांना दिले. शहर सुधार मंडळाचे ते अध्यक्ष होते. १९४८ नंतर वाडा सरकारकडे आला, पन्नासच्या दशकात तिथे हॉटेल सुरू झाले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंद पडले. त्यानंतर बरीच वर्षे दारे बंदच राहिली. वाडा वाचवण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला.

आम्ही सरकारी नोकरीत इमारतींची देखभाल करणारे लोक. एक कबुली देतो. पूर्वी एका जुन्या कचेरीच्या चुन्याच्या भिंतीला आम्ही सिमेंटचा गिलावा केला. दोन पावसाळ्यांत तो फुगून पडला, आतली वीटही भुसभुशीत झाली. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडते. हे डिप्लोमाच्या वर्गात नाही, त्या भिंतीने शिकवले. बंद वाड्याचे दुखणेही असेच असते. गच्चीचे पन्हाळे तुंबतात, भेगेत पिंपळ रुजतो आणि मग छतच खाली येते. पन्हाळे वेळेवर साफ केले तर खर्च थोडका, छत पडल्यावर लाखांनी.

फलकनुमा पॅलेसची डागडुजी झाली आणि २०१० मध्ये तिथे हॉटेल उघडले. म्हणजे जुनी वास्तू पुन्हा नांदती होऊ शकते.

आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या या शहरात आहेत. तेव्हा हा वारसा निजामांचा, आपला नव्हे, असे म्हणून कसे चालेल? ज्यांच्या घरी रिट्झमधल्या लग्नाचे, चहापानाचे जुने फोटो असतील, त्यांनी ते मंडळाकडे आणून द्यावेत. खिडक्या, कमानी मूळच्या कशा होत्या, हे दुरुस्तीच्या वेळी त्यातूनच कळेल.

यंदा मिरवणुकीत क्षणभर त्या टेकडीकडेही पाहू या. गणपती बाप्पा मोरया!