काशीच्या घाटावरील पस्तीस दिवस : जुन्या मोटारनावेची डागडुजी
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाची संहिता)



शाळेच्या हीरक महोत्सवात जुन्या मोटारनावेच्या डागडुजीविषयी बोलणे प्रथमदर्शनी काहीसे अप्रस्तुत वाटेल. परंतु वर्षानुवर्षे पाण्यावर चालणारी लाकडी नाव आणि साठ वर्षे चाललेली संस्था यांच्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. यातले राखायचे काय आणि बदलायचे काय? नावेच्या बाबतीत हा प्रश्न हाताने सोडवावा लागतो आणि उत्तर चुकले तर ते पाणी लगेच सांगते. म्हणून हा विषय.

नौकादुरुस्तीचे पंचांग प्रत्येक पाण्याचे वेगळे असते. कॅनडासारख्या शीत देशांत हिवाळ्यापूर्वी नाव पाण्याबाहेर काढतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि इंजिनात राहिलेले थोडेसे पाणीही ओतीव लोखंडाचा ठोकळा फोडू शकते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्यात लोटतात. काशीचा क्रम यांहून निराळा आहे. तेथे पावसाळ्यात नाव बांधून ठेवावी लागते आणि थंडी येण्यापूर्वी ती दुरुस्त होऊन पाण्यात उतरावी लागते. कारण घाटावरच्या नाविकाचे वर्ष थंडीतच पिकते.

काशी मराठी माणसाला परकी नाही. अस्सीकडून प्रवाहाबरोबर उत्तरेकडे नाव निघाली की अहिल्याबाई घाट, पुढे शिंदे घाट, मग भोसले घाट अशी ओळखीची नावे एकामागून एक समोर येतात. दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट यांच्या मागच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. या सगळ्या घाटांचे पूर्ण दर्शन घडते ते नावेतून, आणि ती नाव चालवणारा असतो निषाद समाजातला मल्लाह. यात्रेकरूला घाट दिसतो. आपल्या पायांखालची फळी मात्र सहसा दिसत नाही.

आषाढापासून गंगा चढू लागते. वाराणसीत इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत पोहोचले होते. पूर वाढला की नौकाविहार बंद होतो. नावा वरच्या पायऱ्यांच्या आश्रयाला बांधल्या जातात आणि पाणी चढेल तसतसे त्यांचे दोर वर सरकवावे लागतात. भाद्रपद-आश्विनात पाणी ओसरते तेव्हा घाटांवर गाळाचे थर उरतात. तो धुऊन निघाला की पायऱ्या हेच नाविकाचे अंगण आणि तेच त्याचे कारखान्याचे आवार होते. घर मागच्या गल्लीत; नाव दारात उपडी किंवा कुशीवर टेकवलेली. विजयादशमीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पस्तीस तिथी. त्या पौर्णिमेला देवदीपावली. त्या रात्री घाट दिव्यांनी उजळतात आणि नावेत जागा मिळणे कठीण होते. पुढे थंडीभर यात्रेकरू येत राहतात, पाण्यावर दूरदेशीचे कुरव पक्षी उतरतात. वर्षभराच्या कमाईचा मोठा भाग याच दिवसांचा. त्यामुळे डागडुजीची मुदत घरातला कोणी ठरवत नाही. ती पंचांगात छापलेलीच असते.

पहिले काम हातोडीचे नव्हे, कानाचे असते. तळाच्या प्रत्येक फळीवर हलकेच ठोकत जायचे. निकोप लाकूड टणक, खणखणीत आवाज देते; कुजलेले भदभदते. जेथे शंका येईल तेथे आरीचे टोक टेकवून पाहायचे. ते सहज आत गेले तर फळी गेली म्हणून समजावे. येथे एक गोष्ट नवख्याला चकवते. सदैव पाण्याखाली असलेला भाग तुलनेने शाबूत असतो आणि कूज आढळते ती पाणरेषेच्या वर, काठाजवळ, सांध्यांच्या बेचक्यांत, म्हणजे पावसाचे पाणी साचते आणि हवाही पोहोचते तेथे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि प्राणवायू दोन्ही लागतात. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही; पूर्ण बुडालेल्या लाकडात तिला हवा मिळत नाही. म्हणून नाविकाची भीती नदीपेक्षा नावेच्या पोटात साचून राहिलेल्या पावसाच्या पाण्याची अधिक.

गंगेवरच्या लाकडी नावांना साल आणि साग ही लाकडे मानवली आहेत. बदलायची फळी निवडताना तिचा गाभा पाहतात. झाडाच्या सालीलगतचे फिकट लाकूड दिसायला चांगले असले तरी लवकर कुजते. गाभ्याचे गडद लाकूड टिकते. जुनी फळी काढताना घाई केली तर शेजारच्या दोन फळ्या फुटतात. लोखंडी खिळा गंजून फुगलेला असतो आणि त्याच्या भोवतालचे लाकूडही गंजाने मऊ पडलेले असते. त्यामुळे नवा खिळा जुन्या भोकात ठोकून भागत नाही. भोक लाकडी खुंटीने बुजवून नवा खिळा थोडा बाजूला घ्यावा लागतो. कुजलेला भाग काढताना निकोप लाकडात हातभर आत जाऊन कापतात. तेवढे चांगले लाकूड वाया गेल्याचे दुःख होते. पण कुजीच्या सीमेवरच थांबलेली करवत पुढच्या वर्षी पुन्हा तेथेच आणून सोडते.

यानंतर येते ते साऱ्या कामातले सर्वांत नाजूक काम : फटी बुजवणे. सूत किंवा तागाचा पीळ बोथट छिन्नीने दोन फळ्यांमधल्या फटीत बसवतात आणि वरून डांबराचा लेप देतात. पाहणाऱ्याला वाटते, पीळ जितका घट्ट तितकी नाव पक्की. प्रत्यक्षात तसे नसते. पाणी प्यायलेले लाकूड फुगते. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जेमतेम ०.१ टक्का वाढते. रुंदीत मात्र कित्येक पटींनी अधिक. कोरड्या फळ्यांच्या फटी ठासून भरल्या, तर पाण्यात उतरल्यावर फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही. मग त्या एकमेकींना रेटतात, खिळे उचकटतात, आतल्या फासळ्या तडकतात. नाव ज्या कामाने वाचवायची, त्याच कामाने ती मोडते. उलट पीळ फारच सैल राहिला तर पहिल्याच लाटेला बाहेर पडतो. जाणता कारागीर फट बुजवताना उद्याच्या फुगण्याचा अंदाज हातात ठेवून छिन्नी चालवतो. तो अंदाज कोणत्याही मोजपट्टीवर लिहिलेला नसतो. वडील ठोकत असतात आणि मुलगा पीळ वळून देत असतो, तेव्हा छिन्नीच्या आवाजातून तो हळूहळू कानात उतरतो.

याच कारणाने नाव उन्हात फार दिवस वाळवत नाहीत. ओलसर गोणपाट टाकून तिला सावली देतात. रंग मात्र कोरड्या पृष्ठभागावरच बसतो. या दोन परस्परविरोधी गरजा सांभाळत दिवस मोजावे लागतात. जवसाच्या तेलाचा किंवा तैलरंगाचा हात हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होतो आणि थंडी वाढली की ही क्रिया मंदावते. कार्तिकात पहाटे दव पडू लागते. म्हणून रंगाचे काम ऊन चढल्यावर सुरू करून दुपार कलण्यापूर्वी आटोपतात. मार्गशीर्ष-पौषात दिलेला रंग दिवसचे दिवस चिकट राहतो. थंडीपूर्वी काम पुरे करण्याचा आग्रह केवळ कमाईसाठी नसतो, तो असा रसायनशास्त्राचाही असतो.

आता इंजिन. हातवल्ह्यांच्या अनेक नावांवर पुढे डिझेल इंजिने चढली. शेतातल्या पंपाला जोडतात त्याच जातीची, साधी आणि घरच्या घरी उघडता येणारी. पावसाळाभर बंद राहिलेले इंजिन थेट सुरू करणे हा सर्वांत महागडा उतावीळपणा. आधी तेल काढून पाहायचे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. टाकीच्या तळाशी डिझेलखाली पाणी बसलेले असते, तेही काढायचे. दट्ट्या अडकला असेल तर सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडून दोन-तीन दिवस वाट पाहायची आणि मगच चाक हाताने फिरवून पाहायचे. जोर करणाऱ्याच्या हाती तुटलेला भाग येतो, थांबणाऱ्याच्या हाती मोकळे झालेले इंजिन.

इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा दांडा नावेच्या तळातून बाहेर पडतो, तेथे पाणी आत येऊ नये म्हणून चरबी लावलेल्या दोरीचे वेटोळे भरून वरून ग्लँड आवळतात. येथेही फटीचाच धडा पुन्हा भेटतो. ग्लँड इतकी आवळली की थेंबही येईना, तर दांडा कोरडा घासतो, तापतो आणि त्याच्यावर चरे पडतात. दांडा फिरत असताना अधूनमधून एखादा थेंब ठिबकणे हे दुरुस्ती नीट झाल्याचे लक्षण. त्या थेंबानेच दांडा थंड राहतो.

मग नाव पाण्यात उतरते. हात लावायला सारा घाट येतो. नवख्या माणसाचा धीर येथे सुटतो. कारण इतकी मेहनत करूनही नाव पहिल्या दिवशी पाझरते. जुना नाविक शांतपणे पाणी उपसत राहतो. एक-दोन दिवसांत फळ्या फुगतात, फटी आवळल्या जातात आणि पाझर थांबतो. तरीही काम संपलेले नसते. जमिनीवर टेकलेल्या नावेचा आकार आणि पाण्यावर तरंगणाऱ्या नावेचा आकार यांत किंचित फरक असतो. म्हणून इंजिन आणि दांडा एका रेषेत आहेत की नाहीत, याची अखेरची तपासणी नाव पाण्यात स्थिरावल्यावरच करतात. जोडाच्या दोन चकत्यांमध्ये पातळ पट्टी सरकवून चारही बाजूंचे अंतर पाहायचे, इंजिनाच्या पायाखालच्या पाचरी केसभर हलवायच्या. जमिनीवर अचूक जुळवलेली रेषा पाण्यात अचूक राहीलच, असे कोणी मानत नाही.

अलीकडे या नावांपुढे नवा बदल आला आहे. काशीत डिझेलऐवजी सीएनजी वापरण्याची मोहीम झाली आणि नावांना गॅस भरण्यासाठी खिडकिया घाटावर, म्हणजे आजच्या नमो घाटावर, तरंगते केंद्र उभे राहिले. धूर आणि पाण्यावरचा तेलाचा तवंग कमी होतो, हा लाभ उघड आहे. गळतीच्या दृष्टीनेही एक सोय आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने नावेच्या तळाशी साचते. सीएनजीतला मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने उघड्या नावेतून वर निघून जातो. मात्र सुमारे २०० बार दाबाची जड टाकी जुन्या नावेत कोठे बसवायची, हा प्रश्न मांडणी विचारपूर्वक करायला लावतो. वजन एका कुशीला गेले की नाव कलते. तिचा काठ पाण्याच्या किती वर राहतो, यावरच प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात. नवे यंत्र आले म्हणून जुना हिशेब संपत नाही. तो नव्याने मांडावा लागतो.

एवढे कष्ट घेण्यापेक्षा लोखंडी पत्र्याची किंवा फायबरची नवी नाव का घेऊ नये, हा प्रश्न नाविकाच्या घरात दर आश्विनात निघतो आणि तो रास्त आहे. कणा आणि फासळ्याच गेल्या असतील तर नाव सोडावी लागते. जुनेपणाच्या प्रेमापोटी प्रवाशांचा जीव टांगणीला लावता येत नाही. पण कणा शाबूत असेल तर एकेक फळी बदलत तीच नाव पुढच्या पिढीच्या हाती देता येते, आणि तिच्याबरोबर ती दुरुस्त करण्याची विद्याही जाते. विकत घेतलेल्या नावेबरोबर ती विद्या येत नाही.

श्रोतेहो, महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालते, तेव्हा तिच्याही अनेक फळ्या बदललेल्या असतात. शिक्षक बदलतात, इमारत बदलते, पाठ्यपुस्तके बदलतात, बाकांवरची मुले तर दरवर्षी बदलतात. मराठी हा या शाळेचा कणा आहे. त्याच्यावर ठोकून पाहण्याचे, आवाज ऐकण्याचे आणि ऐकलेले खरे मानण्याचे काम माजी विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे आहे. घरी मराठी बोलणे कमी झाले असेल, तर ती ओल पुराची नव्हे, आपल्याच नावेच्या पोटात साचलेल्या पाण्याची आहे, आणि ती आपणच उपसायची आहे.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट. मूल शाळेतून बाहेर पडेल, ते ज्या पाण्यात पडेल तेथली बोली, व्यवहार आणि गती निराळी असेल. त्याच्या घडणीत प्रत्येक फट ठासून भरण्याचा मोह आवरावा. फुगायला जागा ठेवावी. सुरुवातीचे दिवस पाझर झाला तर घाबरून नाव पुन्हा वर ओढू नये. आणि अखेरची रेष पाण्यात उतरल्यावरच जुळते, हे ध्यानात ठेवून त्याच्याजवळ थोडा काळ पाचरी घेऊन बसावे.

शाळेला पुढील वाटचालीसाठी मनःपूर्वक शुभेच्छा. अमृतमहोत्सवाला पंधरा वर्षे आहेत; नाविकांच्या भाषेत सांगायचे तर डागडुजीचे पंधरा हंगाम.