ग्रॅच्युइटी ही बक्षिसी नव्हे, हक्क आहे
(बेळगाव येथे मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. मध्यंतरी एक मावशी पासबुक घेऊन आल्या. एका खासगी शाळेत १० वर्षे ७ महिने शिपाईकाम केले. निरोपाला शाल-नारळ मिळाला. ग्रॅच्युइटी विचारली तर उत्तर आले, "ती सरकारी नोकरांना असते."

हे खरे नाही. १० किंवा अधिक माणसे कामाला असलेले दुकान, कारखाना, शाळा, सर्वांना ती लागू आहे. १९७२ च्या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. सलग ५ वर्षे सेवा हवी. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट नाही. मुदतीच्या करारावरील कामगाराला आता एका वर्षानंतरही ती मिळते. खासगी शाळांतील शिक्षकांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कायम केला.

हिशेब सोपा आहे. शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. सहा महिन्यांवरचा काळ म्हणजे पूर्ण वर्ष. मावशींचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये. म्हणजे ११ वर्षांचे ८२,५०० रुपये झाले!

अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ३० दिवसांत पैसे न मिळाल्यास व्याजासह मागा, कामगार खात्याकडे जा.

आणि एक घरचे बोलू. आपल्यातले कितीतरी जण शाळांच्या, पतसंस्थांच्या समित्यांवर आहेत. मराठी शाळांसाठी आपण भांडतो. त्या शाळेची घंटा वाजवणारीचे पैसे बुडत नाहीत ना, हे आधी आपणच पाहू.